रुईची माय

माझ्या नवऱ्याचं पहिलं लग्न रुईच्या झुडपाशी लागलं, आणि ते मी मिरचीच्या वाफ्यात बसून माझ्या डोळ्यांनी पाहिलं. नातवंडांना हे सांगितलं की ती हसून लोळतात. "आजी, म्हणजे ती रुई तुझी सवत?" असं विचारतात. सवतच की, मी म्हणते, आणि थोरली. हसू द्यावं पोरांना. त्यांना वाटतं आजी गंमत सांगते. त्या दुपारी मी जे पाहिलं ते आठवलं की माझ्या अंगावर आजही काटा येतो, आणि एवढं आयुष्य काढूनही त्याचं नवल काही ओसरलेलं नाही. म्हणून हात चालतोय तोवर लिहून ठेवते.

आमचं गाव रनाळ्यापासून दोन कोसांवर, नंदुरबारच्या बाजूला. माझं लग्न अकराव्या वर्षी रनाळ्यातच झालं, चौदाव्या वर्षी मी नांदायला गेले, आणि आठ महिन्यांत नवरा तापाने गेला. त्याचा चेहरा मला खरं सांगायचं तर नीट आठवत नाही. आठवते ती सासू. भागाबाई तिचं नाव. उंच, काटक, निळ्या लुगड्यातली, दातांना मिसरी लावून दिवसभर कामाला जुंपलेली. तीही विसाव्या वर्षीच विधवा झालेली, आणि तो एकुलता एक मुलगा तिने एकटीने वाढवला होता. बोलायला अशी तिखट की तिच्यापुढे आमची नंदुरबारची मिरची गोड म्हणावी. दादर ज्वारीची भाकर जराशी चिरली तरी म्हणायची, "हाई भाकर शे का पापड?" मुलगा गेला तेव्हा चारचौघांत ती रडली नाही. वर्षभर मी तिच्याकडे होते, मग बा गाडी घेऊन आला आणि मला माहेरी घेऊन गेला. निघताना तिने माझ्या पदरात भाजलेले शेंगदाणे बांधले आणि आत गेली. मला वाटलं, सुटले बाई या जाचातून.

माहेरी आमचं घर भरलेलं होतं. बा, माय, थोरला भाऊ नथ्थू, धाकटी बहीण. सकाळी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि ठेचा, संध्याकाळी खिचडी, आणि पाहुणे आले की डाळीचे वाफवलेले फुनके आणि वर वाफाळती कढी. माय जातं ओढता ओढता गुणगुणायची, बा ओसरीवर बसून बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा पुसायचा. माझ्यावर कोणी ओरडत नसे. पण सणासुदीला पहिली ओवाळणी सुरू झाली की मी न सांगता मागच्या दाराला जाऊन बसायचं, एवढं मला सोळाव्या वर्षी कळत होतं. घरातून शेत बरं, म्हणून मी शेतात जाऊ लागले.

शेतातली विहीर दोन घरांची होती, आमची आणि हिरामणच्या चुलत्याची. हिरामणचे आईबाप लहानपणीच गेलेले. चुलत्याने वाढवलेला पोरगा. बैल आमचे आणि मोट हाकणारा हिरामण, असा दोन्ही घरांचा ठराव होता. नथ्थूभाऊ आणि तो लंगोटीयार. एका ताटात जेवत, एका गोधडीवर निजत. हिरामण माणसांशी कमी आणि बैलांशी जास्त बोलायचा. मोट वर आली की थारोळ्यात धबाकदिशी पाणी पडायचं, विहिरीवरचं चाक करकरायचं, आणि पाणी चारीने मिरचीच्या वाफ्यांकडे धावायचं. वाफा भरला की त्याचं दार बुजवून पुढच्याचं फोडायचं, ते काम माझं. आता आमच्याकडे बटण दाबलं की पाणी येतं. नातू म्हणतो, किती सोपं झालं. झालं खरं, पण ते चाक करकरायचं थांबलं तेव्हा मी दोन दिवस नीट जेवले नव्हते.

सगळ्यात लांबचे वाफे तुरीच्या ओळींमागे होते. तिथून विहीर दिसायची नाही आणि विहिरीवरून मी दिसायची नाही. तिथली जमीन उतरती, पाण्याला जोर यायचा. दार बुजवायला जरा उशीर झाला की बांध फुटून रोपं वाहून जायची. एक दिवस माझ्या लक्षात आलं की मी त्या वाफ्यांवर पोचले की चाक हळू होतं. बैल वर येऊन क्षणभर थांबतात. मी दार बांधून पुढे सरकले की पुन्हा चालू. आधी वाटलं बैल थकले असतील. मग चार दिवस कान देऊन ऐकलं. बैल माझ्याच सोयीने थकत होते! पाचव्या दिवशी जेवणाच्या वेळी मी त्याला विचारलं, तुला दिसत नाही, मग कळतं कसं? तो भाकरीकडे बघत म्हणाला, "बगळा उठतस ना. तू जठे जाशी तठला बगळा उठतस." ओल्या वाफ्यात किडे टिपायला बगळे बसायचे आणि माझ्या पावलांनी उडायचे. तो मोट हाकता हाकता तुरीवरचं आभाळ बघत असायचा. माझ्यासाठी कोणी आभाळाकडे बघत असेल, हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्या दिवशी माझी भाकर तशीच राहिली.

वर्ष गेलं. आम्ही बोललो ते एवढंतेवढंच, आणि बोललो ते सगळं विहिरीवर, उघड्यावर. मग हिरामणने चुलत्याला आमच्या घरी पाठवलं. विधवेचं दुसरं लग्न, ज्याला आमच्याकडे पाट म्हणतात, ते जातीत चालत होतं. पण जी घरं स्वतःला मोठी म्हणवत त्यांच्यात चालत नव्हतं, आणि आमचं घर त्यांतलं. बाने चुलत्याला गूळपाणी दिलं आणि तो गेल्यावर मायला म्हणाला, "आपला घरमा आजपावत पाट लागेल नही. उद्या धाकलीले कोन करी?" तो मला ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओसरीवरून उठून गोठ्यात गेला आणि बैलांची माळ पुन्हा पुसत बसला. नथ्थूभाऊने मात्र अंगणात हिरामणला गाठलं. "मन्हा ताटमा जेवीसन मन्ही बहीनवर डोया ठेवा तू?" एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून तो हिरामणशी बोलायचा बंद झाला.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. भावकीतल्या बायका चुलीत फुंकणीने फुंकावं तशा कुजबुजायच्या. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. उलट कोणी टोचून बोललं की मी मनात म्हणायची, आता तर करीनच. हिरामणही तसाच, चुलत्याच्या शिव्यांनी अधिकच ताठ झालेला. पण एक दिवस सुंदर आली. सुंदर माझी जिवाची मैत्रीण, शेजारच्या घरातली. आम्ही एकाच पाटीवर शिकलो होतो, एका जात्यावर दळलं होतं. तिचं लग्न गावातच ठरलं होतं. ती दारात उभी राहिली, आत आली नाही. "जमना, तू पाट लावशी ते मन्ही सासू माले तुन्हासंगे बोलू देवाव नही," ती म्हणाली, आणि मग डोळे पुसत, "मी बी बोलाव नही." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते. शत्रूचा दगड लागत नाही पण आपल्या माणसाचं फूल लागतं म्हणतात, ते मला तेव्हा कळलं.

मग प्रकरण पंचांपुढे गेलं. पंचांचा म्होरक्या म्हणजे गावचा म्हातारा पाटील, हुशार माणूस. सरळ नाही म्हटलं तर पोरं हट्टाला पेटतील हे त्याला ठाऊक. त्याने होच म्हटलं, पण रीतीवर बोट ठेवून. "आयकी ल्या. पह्यले रनायाना घरनी सोडचिठ्ठी पाहिजे. आनी पोऱ्या बिनलग्नाना शे, म्हनीसन पह्यले त्यानं रुईसंगे लगीन लागी. अंतरपाट धराले दोन जन पाहिजेत. रुईले माय पाहिजे." रीत अशी होती की बिनलग्नाच्या पुरुषाने विधवेशी पाट लावायचा तर आधी रुईशी लग्न करायचं, म्हणजे त्याचं पहिलं लग्न होऊन गेलं असं धरतात. लग्न लागलं की रुई तोडायची. पहिली बायको मेली, आता दुसरी करायला मोकळा. आणि खरी मेख शेवटच्या अटीत होती. जी बाई रुईची माय होऊन तिला नवऱ्याला देते, तिची लेक त्याच दिवशी कुऱ्हाडीखाली जाते. अशा बाईचं पोटचं पोर जगत नाही, असं आमच्याकडे सगळे मानत. मग कोण होणार रुईची माय? हिरामण पंधरा दिवस दारोदार फिरला. चुलतीने कानांवर हात ठेवले. मामीने दार लावून घेतलं. एकीने तर त्याच्यादेखत आपल्या मुलाची दृष्ट काढली.

मग एका दुपारी मी विहिरीवर गेले आणि म्हटलं, "ऱ्हाऊ दे हिरामण." त्याने मान वर केली नाही. "मी बी तेच सांगाले उनू," तो म्हणाला. घरच्यांच्या शिव्यांनी आम्ही दोघंही वाकलो नव्हतो. मला सुंदरच्या गप्प राहण्याने वाकवलं आणि त्याला नथ्थूच्या. तो म्हणाला, भाकर एकट्याने खाताना घशाखाली उतरत नाही. मला त्याचा रागही आला नाही, कारण माझंही तेच झालं होतं. त्यानंतर महिनाभर चाक एका चालीने करकरत राहिलं. बांध दोनदा फुटला. मी रोपं पुन्हा लावत होते आणि मनाला सांगत होते की झालं हे बरं झालं. आणि मग एक दिवस मी तुरीमागे पोचले, बगळे उठले, आणि चाक हळू झालं. बैल वर थांबले. मी दार बुजवलं, तरी ते थांबलेलेच. मी चिखलात तशीच बसले आणि मला रडू आलं, पण ते सुखाचं होतं. त्या संध्याकाळी हिरामणने पाटलाच्या ओसरीवर जाऊन सांगितलं, येत्या रविवारी दुपारी मी रुईपाशी उभा राहतो. कोणी येवो न येवो.

रुई ओढ्याच्या काठी होती, आमच्या मिरचीच्या बांधाला लागून. पाट लावून घेणारीने तिथे जायचं नाही अशी रीत, म्हणून मी वाफ्यात मिरच्या तोडायला बसले होते. लाल मिरची, हातांची आग आग, आणि समोर पन्नास पावलांवर हे सगळं. बाभळीच्या सावलीत अर्धा गाव जमला होता. लग्नाला नव्हे, तमाशा बघायला. पाटील खाटेवर. हिरामण धुतलेलं धोतर नेसून, डोक्याला मुंडासं बांधून त्या झुडपासमोर एकटा उभा. शेजारी डोळ्यांनी अधू झालेला चुलता अंतरपाटाचं एक टोक धरून. दुसरं टोक खाली मातीत पडलेलं. विहिरीवर त्या दिवशी मोट नथ्थू हाकत होता आणि चाक करकरत होतं. ऊन असं की रुईची पानं चकाकत होती. कोणीतरी म्हणालं, "नवरी लाजी ऱ्हायनी!" आणि सगळी बाभूळ हसली. हिरामण हलला नाही. तो तसाच उभा राहिला, घामाने निथळत, आणि मला वाटलं, या माणसाला मी किती कमी ओळखत होते.

तेवढ्यात रनाळ्याच्या वाटेने कोणीतरी येताना दिसलं. उंच, निळं लुगडं, हातात काठी, डोक्यावर गाठोडं. मी चालीवरूनच ओळखलं आणि माझ्या हातातल्या मिरच्या सांडल्या. मला वाटलं, आता ही चारचौघांत माझे वाभाडे काढणार. भागाबाई कोणाकडे न बघता सरळ खाटेपाशी गेली. "हाई सोडचिठ्ठी," तिने अंगठा उठवलेला कागद पाटलाच्या हातावर ठेवला. मग विचारलं, "रुईनी माय कोन शे?" बायकांनी पोरं जवळ ओढली. "कोनी नही? मंग मी शे."

पाटील खाटेवरून उठलाच. "भागाबाई, लोके काय म्हनतस ते माहीत शे ना तुले?"

"माहीत शे," ती म्हणाली. "एकच पोऱ्या व्हता, तो गया. आते माले कसानं भ्याव?"

मी आयुष्यात पुष्कळ मोठी माणसं पाहिली, सभा पाहिल्या, भाषणं ऐकली. पण आपलं सगळ्यात मोठं दुःख असं सहज, पदराच्या गाठीतली सुपारी काढून द्यावी तसं दुसऱ्याच्या उपयोगी काढून देणारं माणूस मी ते एकच पाहिलं. तिने गाठोडं सोडलं. त्यात हिरवं नवं लुगडं होतं, हळद होती, गहू होते, खोबऱ्याची वाटी होती. विधवेने हळदीला हात लावायचा नाही. तिने मूठभर हळद कालवली आणि रुईच्या पानापानाला लावली, लेकीला लावावी तशी, कानामागे, गळ्याला. लुगडं गुंडाळलं. ओटी भरली. रुईचा पांढरा चीक तिच्या बोटांना लागला तो तिने पदराला पुसला. मग म्हणाली, "आते धरा अंतरपाट." पण दुसरं टोक धरायला माणूस कुठे होतं?

आणि तेव्हा विहिरीवरचं चाक थांबलं. मला ती शांतता अजून ऐकू येते. नथ्थूभाऊ बांध ओलांडून आला, कोपरापर्यंत ओल्या हातांनी. तो हिरामणशी बोलला नाही, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. खाली पडलेलं टोक उचललं आणि घट्ट धरलं. मंगलाष्टकं पाटलालाच म्हणावी लागली. अक्षता टाकायला कोणी आणल्या नव्हत्या, म्हणून भागाबाईने ओटीतले गहू वाटले.

अंतरपाट निघाल्यावर कोणीतरी कुऱ्हाड पुढे केली. भागाबाई झुडपाला पाठ लावून खाली बसली. "मन्ही आंडेर शे. आंडेरवर कुऱ्हाड चालू देवाव नही." आंडेर म्हणजे लेक.

"मंग दुसरी कशी करी तो?" पाटील म्हणाला.

"दोन बायका करनारा गावमा कोनी नही का?" तिने विचारलं आणि पाटलाकडेच रोखून बघितलं. पाटलाच्या घरात दोघी होत्या. आता बाभूळ हसली ती पाटलाला, आणि पाटीलही मिशीत हसला. रुई राहिली. पाट त्याच दिवशी, रीतीप्रमाणे अंधार पडल्यावर चार माणसांत लागला. त्यातलं मला फारसं आठवत नाही. माझं लग्न त्या भर दुपारीच लागलं होतं.

इथे गोष्ट संपली असं नातवंडांना वाटतं. संपली कुठे? बा आमच्या दारात कधीच आला नाही, मरेपर्यंत. त्याचा राग तेव्हा मी पुष्कळ धरला. आता वाटतं, धाकटीच्या काळजीने त्याला घेरलं होतं. सुंदर माझ्याशी बोलली नाही. नथ्थूनेही, टोक धरलं ते धरलं, पण बोलणं पुढे चार वर्षं नाही. सहा वर्षं आम्ही दोघं गावाच्या कडेला असे राहिलो की सणाला ताट वाढलं तर ते आमच्या दोघांचंच. त्या सहा वर्षांत आमचं एकदाही भांडण झालं नाही. लोक म्हणायचे, काय गोडीगुलाबी! गोडी कसली, धास्ती होती. आवाज चढला तर गाव म्हणेल, बघा, आम्ही सांगत होतो. म्हणून तो चिडला की गोठ्यात जायचा आणि मी चिडले की जातं ओढायची. एकमेकांना आम्ही परक्या घरातल्या काचेच्या भांड्यासारखं जपत होतो, आणि जपता जपता कधीकधी फार एकटं वाटायचं. विरोधाने आम्हाला बांधून ठेवलं हे खरं, पण ती गाठ मोकळा श्वास घेऊ देत नव्हती.

सातव्या वर्षी रनाळ्याहून निरोप आला की भागाबाई पडली आहे, बघायला कोणी नाही. हिरामणने बैल जुंपले. चुलत्याने विचारलं, कुठे? "सासूले आनाले जाई ऱ्हायनू," तो म्हणाला. नातं बघा कसं झालं! माझी आधीची सासू, ती आता माझ्या सवतीची आई आणि माझ्या नवऱ्याची सासू. ती आली, महिनाभरात काठी टेकत उठली, आणि भाकरीला नावं ठेवू लागली. त्याच उन्हाळ्यात मी अंगणात ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या वाळत घातल्या होत्या आणि हिरामणने वासरू मोकळं सोडलं. सगळ्या बिबड्या तुडवल्या. मी ओरडले. सहा वर्षांचं साठलेलं सगळं ओरडले! तोही ओरडला. शेजारी डोकावले, आणि मी घाबरून एकदम गप्प झाले. ओट्यावर भागाबाई मिसरी लावत बसली होती. ती हसत म्हणाली, "भांडा, भांडा. मी शे आठे." त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की मी संसार करतेय. भांडायलासुद्धा घरात एक आपलं माणूस लागतं.

मी तिला एकदा विचारलं, त्या दिवशी तुम्ही कशा आलात? निरोप माझ्या मायने कासारणीकडून गुपचूप धाडला होता, हे तिने सांगितलं. माय मला कधी बोलली नव्हती. पण मी विचारलं होतं ते वेगळं, आणि तिलाही ते कळलं. ती गहू निवडत होती. मग म्हणाली, "मन्हा बी एक जन व्हता, पोऱ्याना बाप गया त्यानंतर. पंचेस्नी हाईच अट घाली व्हती. भाऊस्नी त्याले गावमाईन हाकली दिधा." आणि सुपातला खडा उचलून बाजूला टाकत, "मन्हासाठे कोनी रुईनी माय व्हयनी नही." मी तिच्या सुपातले गहू निवडू लागले.

ती आमच्याकडे अकरा वर्षं जगली आणि एका सकाळी, चहा निवायला ठेवला असताना, गेली. अग्नी कोणी द्यायचा असा प्रश्न निघाला. हिरामण पुढे झाला आणि म्हणाला, "जवाई शे मी त्यास्ना." कोणी हसलं नाही. तिरडीला खांदा द्यायला नथ्थू होता, सुंदरचा नवराही होता.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच ओढ्यावर गेले. रुई माझ्या खांद्यापर्यंत वाढली होती, जांभळ्या फुलांनी भरलेली. मी तिच्या बुडाशी तांब्याभर पाणी घातलं, पानांवरची धूळ पदराने पुसली आणि म्हटलं, "थोरले, तुन्ही माय गयी." मग तिथेच मातीत बसले आणि दोघींच्या वाटचं रडून घेतलं.